स्थानिक ज्ञान + शाश्वत मत्स्यशेती: पदवीच्या वर्षांतच रिसर्च करायला मिळतो का?

निळी_रेघ
मंडळी नमस्कार, मी एन्व्हायर्नमेंटल सायन्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे, अमेरिकेत, एफ-वन म्हणजे विद्यार्थी व्हिसावर. मागच्या सेमिस्टरला एका कोर्समध्ये हवाईच्या जुन्या मत्स्यतळ्यांवर लेक्चर झालं आणि तेव्हापासून ते डोक्यातून जातच नाहीये. आपण शाश्वत ॲक्वाकल्चर शाश्वत ॲक्वाकल्चर म्हणून नवीन नवीन टाक्या आणि फिल्टर बनवतोय आणि हे लोक शेकडो वर्षं दगडाचा बांध घालून मासे वाढवत होते. प्रोफेसरांना विचारलं तर म्हणाले "चांगला विषय आहे, बघ काही सापडतंय का". आता मी नेमकं काय बघू? अंडरग्रॅडला अशा कामात कोणी घेतं का, की गपचूप मास्टर्सपर्यंत थांबू? मला आर (आकडेवारीची प्रोग्रामिंग भाषा) थोडंफार येतं, पोहता येतं, फील्डवर्कचा अनुभव म्हणाल तर शून्य.

गाळवाला
अजिबात थांबू नकोस. मी याच प्रकारच्या एका लॅबमध्ये पीएचडी केली आणि आमच्याकडे फील्डवर निम्मी माणसं अंडरग्रॅडच असायची. या विषयाला हात खूप लागतात, कारण कामं चिवट आहेत. बांध मोजा, गाळाचे नमुने घ्या, पाण्याच्या खारटपणाची नोंद, शिंपल्यांची मापं, ओहोटी असेल तेव्हा जा मग ती पहाटे का असेना.

पण एक गोष्ट आधीच सांगतो, सगळे विद्यार्थी प्रोग्रामच्या नावांची यादी शोधत बसतात आणि इथेच घोळ होतो. तू शोधायचंस ते हे की कुठल्या लॅबचं कुठल्या समाजाशी आधीपासून जमलेलं आहे. तू म्हणतेस त्या हवाईचंच घे. ओआहू बेटावर काने-ओहे उपसागराच्या काठी हेएइया नावाचं तळं आहे, 88 एकर, साधारण 800 वर्षं जुनं, भोवती दोनेक किलोमीटरचा दगडी बांध. 1965 च्या पुरात बांधाला मोठं खिंडार पडलं, तळ्यात बाहेरून आणलेली खारफुटी माजली, आणि ते तसंच पडून राहिलं. 2001 साली स्थानिक तरुणांनी पाएपाए ओ हेएइया नावाची संस्था काढून खारफुटी तोडायला आणि दगड रचायला सुरुवात केली आणि ते मोठं खिंडार बुजायला 2015 चा डिसेंबर उजाडला. आता बघ, त्याच उपसागरात हवाई विद्यापीठाची सागरी जीवशास्त्राची संस्था आहे, एका छोट्या बेटावर. 2017 मध्ये तो सगळा भाग नॅशनल एस्चुअरिन रिसर्च रिझर्व्ह, म्हणजे नदीमुखाच्या अभ्यासासाठी राखलेलं क्षेत्र, झाला. म्हणजे संस्था, विद्यापीठ, रिझर्व्ह तिघंही एकमेकांना ओळखून आहेत. अशा ठिकाणी अंडरग्रॅड सहज सामावून जातो कारण विश्वास कमवायचं काम आधीच्या लोकांनी करून ठेवलेलं असतं. कोऱ्या ठिकाणी जाऊन तू एका उन्हाळ्यात तो कमवू शकणार नाहीस, कितीही गोड बोललीस तरी.

निळी_रेघ
@गाळवाला दादा थँक्यू!! पण ते तळं चालतं कसं हे मला लेक्चरमध्ये अर्धवटच कळलं. झडपा असतात ना?

गाळवाला
हो, माकाहा म्हणतात त्यांना. बांधात ठराविक जागी लाकडी गजांची जाळी बसवलेली असते, गजांमधल्या फटी अरुंद. भरतीला पाणी आत येतं, त्याच्याबरोबर बोईची आणि मिल्कफिशची पिल्लं फटीतून आत शिरतात. वरून ओढ्याचं गोडं पाणी येतं, म्हणजे पाणी मचूळ, तळं उथळ, ऊन भरपूर, त्यामुळे शेवाळ दाबून वाढतं. ही पिल्लं शेवाळ खाऊन गुबगुबीत होतात आणि मग फटीतून बाहेर जाता येत नाही. बास. वरून खाद्य टाकायचं नाही. सॅमनच्या पिंजऱ्यांशी तुलना कर, तिथे मांसाहारी मासा वाढवायला दुसरेच मासे पकडून त्यांचं पीठ आणि तेल खाऊ घालावं लागतं. इथे शाकाहारी मासा निवडला तिथेच अर्धी लढाई जिंकली.

आणि तुझ्यासारख्या मुलीला काम कुठे आहे तर नेमकं या झडपेपाशी. किती पाणी आत येतं किती बाहेर जातं, ओढ्याचं पाणी वरच्या भागात वळवलं तर खारटपणा किती बदलतो, खारफुटी काढल्यावर गाळ कुठे सरकतो.

शंकासुर
मला माफ करा पण सगळ्या धाग्यावर भाबडेपणा चाललाय. जुनं ते सोनं हे ऐकायला बरं वाटतं, पण शास्त्रीय पुरावा काय? आणि त्या काळी माणसं किती, आज किती. या तळ्यांनी आजच्या जगाचं पोट भरणार आहे का?

चांदबोट
@शंकासुर, पुरावा आहे की. मी पश्चिम कॅनडातल्या शिंपल्यांच्या बागांवर काम केलंय म्हणून तेवढंच सांगते. ब्रिटिश कोलंबियाच्या किनाऱ्यावर फर्स्ट नेशन्सच्या, म्हणजे तिथल्या मूळ रहिवासी लोकांनी, अगदी खालच्या ओहोटीच्या रेषेवर दगड रचून बुटके बांध घातले. बांधामागे वाळू-गाळ साठत गेला, उताराचा किनारा सपाट झाला आणि ज्या उंचीवर शिंपली सगळ्यात चांगली वाढते तेवढ्या उंचीची जागा कितीतरी पटीने वाढली. 2014 मध्ये क्वाड्रा बेटावरचा अभ्यास छापून आला, बांध असलेल्या किनाऱ्यांवर बटर क्लॅम जातीच्या शिंपल्या चौपट आणि लिटलनेक जातीच्या दुप्पट सापडल्या. कोणी म्हणेल आधीच चांगल्या जागी बांध घातला असेल, तर त्यांनी पिल्लं नेऊन दोन्हीकडे लावून पाहिली आणि बागेतली 1.7 पट वेगाने वाढली. नंतरच्या कालमापनात तिथले काही बांध निदान 3500 वर्षं जुने निघाले.

जगाचं पोट भरेल का हा प्रश्न मला चुकीचा वाटतो. एका किनाऱ्याचं पोट साडेतीन हजार वर्षं भरलं आणि किनारा संपला नाही, हे कसं जमलं ते शोधायचंय. आजच्या किती मत्स्यशेती प्रकल्पांबद्दल पन्नास वर्षांची तरी खात्री देता येते?

शंकासुर
चौपटचा आकडा माहीत नव्हता. ठीक आहे, एवढं मान्य. पण मग माझा दुसरा मुद्दा, पुरावा मिळाला तो मोजमापामुळेच ना? म्हणजे शेवटी विज्ञानानेच शिक्कामोर्तब केलं.

चांदबोट
शिक्कामोर्तब कोणासाठी? बाग राखणाऱ्यांना ते आकडे नको होते, त्यांना माहीतच होतं. आकडे लागले ते परवानगी देणाऱ्या खात्यांना. मोजमाप करू नका असं कोणी म्हणत नाहीये, फक्त "तुमच्या आजीचं खरं की खोटं ते मी तपासते" या पवित्र्याने गेलं की दार बंद. ज्येष्ठ लोक म्हणतात किनारा खणत राहिला पाहिजे नाहीतर तो मरतो. आता यावर विद्यार्थिनीने विचारायचा प्रश्न "हे खरं आहे का" असा नको, "खणल्यावर गाळात काय बदलतं" असा हवा. हवा खेळते का, कण मोकळे होतात का, फुटक्या शिंपल्यांचा चुरा मिसळल्याने गाळाची आम्लता कमी होते का. यातला प्रत्येक तुकडा एका पदवीच्या प्रबंधाएवढा आहे.

गाळवाला
+१. आणि परवानगीवरून आठवलं, हवाईत तळं दुरुस्त करायला इतक्या खात्यांचे इतके परवाने लागायचे की लोक दगडाला हात लावायच्या आधीच थकायचे. 2015 पासून तिथे मत्स्यतळ्यांसाठी एकत्रित परवान्याची सोय झाली. तरी पाण्याच्या दर्जावर नजर ठेवावी लागतेच. म्हणजे तुझे मोजमापाचे तक्ते कोणाच्यातरी खरंच उपयोगी पडतात, नुसते पोस्टरवर लावायला नसतात.

रातकिडा_७७
बुकमार्क करून ठेवतोय, मुलगी बारावीला आहे.

फॉर्मभरू
मी जरा कोरडं पण गरजेचं सांगतो कारण व्हिसाचा मुद्दा कोणी काढलाच नाही. @निळी_रेघ तू एफ-वन वर आहेस म्हणालीस. एनएसएफ या सरकारी विज्ञान संस्थेच्या आरईयू साईट्स, म्हणजे उन्हाळ्यातले साधारण दहा आठवड्यांचे स्टायपेंडवाले प्रोग्राम, हे नागरिक आणि ग्रीन कार्डवाल्यांसाठीच असतात. नोआ या सरकारी सागर-हवामान संस्थेची हॉलिंग्ज स्कॉलरशिप दुसऱ्या वर्षातच अर्ज करायची असते आणि फार चांगली आहे पण तीही फक्त नागरिकांना. यावर वेळ घालवू नकोस. धागा वाचणाऱ्या नागरिक मुलांनी मात्र जरूर बघा, आणि त्या वर्षी पैसे आहेत की नाही ते आधी तपासा, हल्ली फंडिंगचा भरवसा नाही.

तुझ्यासाठी रस्ते: एक म्हणजे तुझ्याच युनिव्हर्सिटीचा अंडरग्रॅड रिसर्च फंड, त्याला बहुतेक ठिकाणी नागरिकत्वाची अट नसते. इंडिपेंडंट स्टडीचे क्रेडिट घेऊन काम करणं हाही मार्ग. कॅम्पसवर सेमिस्टरमध्ये आठवड्याला वीस तास आणि सुट्टीत पूर्ण वेळ काम चालतं. कॅम्पसबाहेर जाऊन पगारी काम असेल तर सीपीटी, म्हणजे अभ्यासक्रमाचा भाग म्हणून काम करायची परवानगी, लागेल आणि त्यासाठी एक पूर्ण शैक्षणिक वर्ष झालेलं असावं लागतं, तुझं झालंच असेल. इंटरनॅशनल ऑफिसला आधी विचार, नंतर नाही. उन्हाळ्याचे अर्ज बऱ्याच ठिकाणी जानेवारी-फेब्रुवारीतच बंद होतात, एप्रिलमध्ये जाग येऊन उपयोग नाही.

आणि जे भारतात शिकतायत त्यांना मिटॅक्स या कॅनडातल्या संस्थेची ग्लोबलिंक इंटर्नशिप आहे, कॅनडात बारा आठवडे, त्यात प्रोफेसरांचे प्रोजेक्ट बघून निवडता येतात. किनाऱ्याचं, मत्स्यविज्ञानाचं काही निघालं तर सोडू नका.

निळी_रेघ
बापरे, आरईयूचे तीन फॉर्म अर्धे भरून ठेवले होते 😭 वाचवलंत.

कोकमसरबत
सी ग्रँटचं नाव कोणी कसं घेतलं नाही? अमेरिकेत किनाऱ्याचं संशोधन लोकांपर्यंत नेणारे 34 सी ग्रँट प्रोग्राम आहेत, किनाऱ्याच्या आणि ग्रेट लेक्सच्या राज्यांत, युनिव्हर्सिट्यांनाच जोडलेले. वॉशिंग्टन आणि हवाईच्या सी ग्रँटची माणसं आदिवासी समाजांबरोबर मत्स्यशेतीवर बरंच काम करतात. त्यांच्या एक्स्टेन्शनवाल्यांना, म्हणजे लोकांत जाऊन काम करणाऱ्यांना, मेल टाकावा, प्रोफेसरांपेक्षा लवकर उत्तर देतात असा माझा अनुभव. वॉशिंग्टनमध्येच स्विनोमिश या आदिवासी लोकांनी 2022 मध्ये शिंपल्यांची नवीन बाग बांधली, अमेरिकेतली आधुनिक काळातली पहिली. नवी बाग म्हणजे रिसर्चच्या दृष्टीने सोनं, कारण बांध घालायच्या आधीची आणि नंतरची अशी दोन्ही स्थिती मोजता येते.

आणि हवाई विद्यापीठात मरीन ऑप्शन प्रोग्राम आहे, कुठल्याही मेजरच्या पदवी विद्यार्थ्याला समुद्राशी संबंधित प्रोजेक्ट करता येतो. एक्स्चेंजने एक सेमिस्टर जाता आलं तर बघ.

बांधावरून
मी थोडा वेगळा सूर लावते. यातल्या पुष्कळ जागा त्या त्या समाजाच्या मुलांसाठी राखीव असतात किंवा त्यांना आधी दिल्या जातात आणि तसंच हवं. वॉशिंग्टनमध्ये बेलिंगहॅमजवळ लमी या आदिवासी लोकांच्या भूमीवर नॉर्थवेस्ट इंडियन कॉलेज आहे, त्यांचं स्वतःचं सेलिश समुद्र संशोधन केंद्र आहे, तिथली मुलं स्वतःच्या किनाऱ्यावरचे शिंपले आणि त्यातली विषं तपासतात. अशा ठिकाणी "मला पण घ्या" म्हणण्याआधी आपण तिथे काय देणार आहोत ते बघावं. आरमध्ये कोड लिहून देता येतो? मग त्यांच्या साठलेल्या डेटाचे आलेख करून दे. ही मदत लहान वाटते पण लोकांना हवी असते, गोड्या शब्दांत लिहिलेल्या कृतज्ञतेच्या पानापेक्षा नक्कीच.

शंकासुर
हे पटलं. आता मीच विचारतो, डेटा कोणाचा? समजा पोरीने दोन उन्हाळे राबून काही शोधलं आणि समाज म्हणाला छापू नका, तर तिच्या प्रबंधाचं काय?

चांदबोट
फार चांगला प्रश्न आणि याचं उत्तर कामाच्या पहिल्याच आठवड्यात लेखी हवं. कॅनडात फर्स्ट नेशन्सची ओकॅप तत्त्वं आहेत: मालकी, नियंत्रण, वापर आणि ताबा, चारही त्यांच्याकडे. जगभरातल्या मूळ रहिवाशांच्या डेटासाठी 2019 ची केअर तत्त्वं आहेत. हवाईत तर कुलाना नोईई नावाची मार्गदर्शक पुस्तिकाच आहे, सी ग्रँट आणि तिथल्या समाजांच्या जाळ्याने मिळून केलेली, संशोधकाने समाजाशी नातं कसं ठेवावं यावर. कुठे अर्ज करायच्या आधी ती वाच, हवाईला जाणार नसलीस तरी.

आमच्याकडे प्रत्यक्षात असं व्हायचं की तापमान, खारटपणा, शिंपल्यांची लांबी हे आकडे छापायला काही हरकत नसायची. पण नेमकी बाग कुठे आहे, कुठल्या कुटुंबाची आहे, ज्येष्ठांनी सांगितलेल्या गोष्टी, हे बाहेर जायचं नाही. नकाशा द्यायचा तर मुद्दाम ढोबळ. एकदा हे ठरलं की प्रबंध अडत नाही. अडतो तो कधी, तर कोणीतरी मुलाखती रेकॉर्ड करून आणतो आणि परवानगी नंतर मागतो. दुसऱ्या वर्षाच्या मुलीने मुलाखतींच्या वाटेला जाऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे, पाणी आणि गाळ मोजावा आणि कानांनी ऐकावं.

बांधावरून
मुलाखतींबद्दल असहमत, ज्येष्ठांना स्वतःहून सांगायचं असेल तर? पण तो वेगळा धागा होईल.

पाणकोंबडा
न्यूझीलंडचं उदाहरण टाकतो कारण मला ते सगळ्यात आवडतं. ओहिवा बंदरात मसल्स या शिंपल्यांची संख्या 2007 मध्ये 11 कोटी 20 लाख होती ती 2019 पर्यंत 80 हजारांच्याही खाली आली, तारामाशांनी फडशा पाडला. तिथल्या माओरी लोकांबरोबर वायकाटो विद्यापीठाच्या कुरा पॉल-बर्क यांनी काम केलं, प्लास्टिकच्या दोऱ्यांऐवजी स्थानिक झाडांच्या पानांचे दोर पारंपरिक पद्धतीने विणून पाण्यात सोडले, त्यावर मसल्सची पिल्लं बसली. दोर जुना झाला की कुजून जातो, समुद्रात प्लास्टिक राहत नाही. आता विचार करा यात पदवीच्या विद्यार्थ्याला किती प्रश्न आहेत: कुठलं पान किती दिवस टिकतं, कुठल्या दोरावर किती पिल्लं बसतात, विणीचा फरक पडतो का. यातले निम्मे प्रयोग बादलीत होतात. तिकडच्या विद्यापीठांत नोव्हेंबर ते फेब्रुवारी समर स्टुडंटशिप असतात, पगारी.

रातकिडा_७७
भारतातलं काही सांगा ना कोणी. की सगळं पॅसिफिकमध्येच?

पाणकोंबडा
आहे की, ढीगभर. केरळची पोक्कळी शेती, पावसाळ्यात खारं पाणी सोसणारा भात आणि नोव्हेंबरपासून त्याच शेतात कोळंबी, भाताच्या बुडख्यांवर वाढलेलं खाद्य कोळंबीला आणि कोळंबीची घाण पुढच्या भाताला. अरुणाचलात झिरो खोऱ्यात आपातानी लोक भाताच्या खाचरात मासे सोडतात. पूर्व कोलकात्याच्या पाणथळीत शहराच्या सांडपाण्यावर मासे वाढतात, 2002 पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ, आहे. अडचण एवढीच की तिथे अंडरग्रॅडसाठी तयार चौकट कमी. पण देशातल्या तिन्ही विज्ञान अकादम्यांची मिळून समर रिसर्च फेलोशिप आहे, आणि बीएफएससीच्या (मत्स्यविज्ञान पदवीच्या) मुलांना शेवटच्या वर्षी गावात राहून काम असतंच, ते उरकायचं म्हणून न उरकता अशा ठिकाणी मागून घ्यावं.

निळी_रेघ
मंडळी अपडेट. आमच्याच डिपार्टमेंटमध्ये एक प्रोफेसर निघाल्या, त्यांचं एका ट्राइबच्या फिशरीज खात्याबरोबर काही वर्षांपासून काम चालू आहे आणि मला पत्ताच नव्हता. मेल लिहितेय. मी लिहिलंय की "पारंपरिक ज्ञान आणि आधुनिक विज्ञान यांचा संगम साधण्याची मला तीव्र इच्छा आहे".

गाळवाला
ते वाक्य काढ. अशी वाक्यं त्यांना आठवड्याला दहा येतात. असं लिही की मी दुसऱ्या वर्षाला आहे, तुमचा अमुक पेपर वाचला, त्यातली अमुक आकृती मला कळली नाही, मला आरमध्ये आलेख काढता येतात, आठवड्याला इतके तास देऊ शकते, पहाटेच्या ओहोटीला यायची तयारी आहे, फिशरीज खात्याला सध्या कुठल्या नोंदी हव्या आहेत आणि त्यात माझा उपयोग होईल का. पाच ओळी. पुढच्या उन्हाळ्यापुरती नाही, पदवी होईपर्यंत थांबणार आहेस हे लिही, त्याला फार किंमत आहे.

नुसत्या ऑक्सिजनच्या लॉगरचं (पाण्यात ठेवलेलं, आपोआप नोंद घेणारं यंत्र) काम मिळालं तरी नाक मुरडू नकोस. 2009 मध्ये हेएइयात मे आणि ऑक्टोबरला मोई मासे मोठ्या प्रमाणावर मेले. नंतर हवामानाच्या नोंदी आणि पाण्याच्या नोंदी जुळवून पाहिल्यावर दिसलं की एल निन्योमुळे व्यापारी वारे मंदावले, पाणी तापलं, ढवळणं थांबलं. रात्री शेवाळसुद्धा ऑक्सिजन खातं, त्यामुळे पहाटे उजाडायच्या आधी तो सगळ्यात कमी असतो आणि वारा नसेल तर भरून निघत नाही. हे कळलं कशामुळे, तर कोणीतरी कंटाळवाण्या नोंदी नीट ठेवल्या होत्या म्हणून. लॉगरच्या तोंडावर थोड्याच दिवसांत शेवाळ आणि बार्नॅकल चढतात, आकडे हळूहळू खोटे पडायला लागतात आणि आलेखात ते चटकन कळत नाही. दर वेळी मऊ ब्रशने साफ करायचं आणि साफ करायच्या आधीचा व नंतरचा आकडा वहीत लिहायचा. पेन्सिलने. शाई जाते.

निळी_रेघ
दादा, मेल पाठवला तुमच्यासारखाच, आणि चक्क उत्तर आलं!! शुक्रवारी भेटायला बोलावलंय. म्हणाल्या आधी खात्याची माणसं तुला भेटतील आणि हो-नाही ते सांगतील, मी नाही. आणि हिवाळ्यातल्या मोठ्या ओहोट्या त्या बाजूला रात्रीच असतात, चालेल का विचारलंय. मी हो म्हणून बसले. बूट कुठले घेऊ? गमबूट आहेत माझ्याकडे.

चांदबोट
गमबूट वाळूत चालतील, मऊ गाळात नाही, पाय वर येतो आणि बूट आतच राहतो. घोट्याला घट्ट बसणारे निओप्रीनचे घे. हेडलॅम्पला जास्तीच्या बॅटऱ्या आणि हातमोजे दोन जोड, एक भिजणारच.